इंजिनातील एक पातळ पत्रा

तुमच्या घरी प्रेशर कुकर असेलच. डाळ शिजायला लावताना तुमच्या अम्मी कुकरच्या झाकणात एक रबरी रिंग बसवतात. ती बसवायची राहून गेली तर काय होते, ते आठवा. गॅस जळत राहतो, झाकणाच्या कडेने फुसफुस करीत वाफ निघून जाते आणि शिट्टी काही होत नाही. (आपण घरी जिला भाप म्हणतो, तिलाच मराठीत वाफ म्हणतात.) रिंग जुनी होऊन कडक पडली किंवा तिला चीर गेली, तरी असेच होते. भांड्यांच्या दुकानात काही लोक या रिंगला गॅस्केट म्हणतात. धातूचे दोन भाग एकमेकांवर बसवले की त्यांच्यामध्ये थोडी तरी फट राहतेच. त्या फटीतून काही निसटू नये म्हणून मध्ये जी वस्तू दाबून बसवतात, ती म्हणजे गॅस्केट.

मोटारीच्या इंजिनात अशी गॅस्केटे बरीच असतात. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेड गॅस्केट. त्याची जाडी साधारण एक ते दीड मिलिमीटर असते. नव्या गॅस्केटची किंमत संपूर्ण इंजिनाच्या मानाने अगदी किरकोळ असते. पण ते खराब झाले तर इंजिन अर्धे उघडावे लागते, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर इंजिनच हातचे जाते. म्हणून या पातळ पत्र्याची ओळख करून घेऊ.

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. हा धातूचा जाडजूड ठोकळा असतो. त्यात गोल विहिरींसारखी भोके असतात. ही भोके म्हणजे सिलिंडर. गॅरेजमधले लोक त्यांना बोअर असेही म्हणतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन खाली-वर होत असतो. या विहिरींवर झाकणासारखा जो दुसरा भाग बसतो, तो म्हणजे हेड. ब्लॉक आणि हेड लांब बोल्टांनी घट्ट आवळलेले असतात आणि दोघांच्या मध्ये हेड गॅस्केट असते.

मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत दिसणारी काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, निदान चित्रपटात तरी. तिचे पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचे होते आणि त्यात चार सिलिंडर होते. १०८९ ला ४ ने भागा. एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २७२ घन सेंटिमीटर जागा येते, म्हणजे पाण्याच्या एका पेल्याएवढी. एवढ्याशा जागेत पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, ठिणगी पडते आणि भडका उडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा असा भडका उडतो. त्या क्षणी जळत्या वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

आता दाबाचा हिशेब पाहा. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोने जास्त असतो. इंजिनात भडका उडतो तेव्हा हाच आकडा ४० किलो किंवा त्याहूनही अधिक होतो. पद्मिनीच्या एका सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर होता. भूमितीच्या तासाला शिकलेले वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरा. उत्तर सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर येईल. त्याला ४० ने गुणा. म्हणजे प्रत्येक भडक्याला जवळजवळ दीड हजार किलोचा धक्का हेडला वर उचलू पाहतो. हा भार संपूर्ण गाडीच्या वजनाहूनही जास्त आहे. बोल्ट हेडला धरून ठेवतात आणि गॅस्केट फट बुजवते, म्हणून तो वायू बाहेर येत नाही.

पण गॅस्केटचे काम एवढ्यावर संपत नाही. एवढ्या उष्णतेने इंजिन वितळून जाऊ नये म्हणून ब्लॉकमध्ये आणि हेडमध्ये पाण्याचे मार्ग केलेले असतात. पंप हे पाणी फिरवतो. ते इंजिनातली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, तेथे हवेने थंड होते आणि परत येते. त्याचप्रमाणे वरच्या भागांना वंगण मिळावे म्हणून ऑइलचेही मार्ग असतात. पाणी आणि ऑइल ब्लॉकमधून हेडमध्ये जाताना गॅस्केटमधूनच जातात. म्हणून गॅस्केट हातात घेऊन पाहिले तर त्याला चार मोठी गोल भोके दिसतात आणि त्यांच्याभोवती लहान-मोठी कितीतरी भोके दिसतात. मोठ्या भोकांत आग, लहान भोकांत कोठे पाणी, कोठे ऑइल. आणि या तिघांची एकमेकांशी भेट होता कामा नये. कुकरची रिंग फक्त वाफ अडवते. या बिचाऱ्याला तिघांना सांभाळावे लागते.

मग हे गॅस्केट खराब का होते? लोकांना वाटते की ते जुने होऊन आपोआप फाटते. तसेही कधी घडते. पण बहुतेक वेळा ते स्वतः मरत नाही, त्याला मारले जाते, आणि मारणारी असते उष्णता. हे मी पुस्तकात नंतर वाचले. डोळ्यांनी आधी पाहिले.

२००२ सालची मे महिन्याची सुट्टी होती. मी तेव्हा आठवीत होतो. मालेगावला खालाजानच्या मुलीचे लग्न होते आणि आम्ही भिवंडीहून मामूंच्या जुन्या गाडीतून निघालो होतो. त्या गाडीच्या रेडिएटरचे पाणी आठवडाभर थोडे थोडे कमी होत होते. मामू रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतत आणि म्हणत, "गाडीला तहान लागते." पाणी जाते कोठे, हे त्यांनी पाहिले नाही. खालच्या रबरी पाइपला बारीक चीर गेली होती. इंजिन किती तापले हे दाखवणारा काटाही कधीचा बंद पडला होता.

शहापूरपर्यंत काही कळले नाही. कसाऱ्याच्या घाटात मात्र गाडी हळू झाली. चढावर इंजिनाला जोर जास्त लावावा लागतो, उष्णता जास्त तयार होते, आणि वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो. बॉनेटच्या कडेने वाफ दिसू लागली. मामानी म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या." मामू म्हणाले, "घाट संपू दे, वर गेलो की थांबू." गाडी आणखी दोन-तीन किलोमीटर चालवली गेली. तेवढ्यात इंजिन खडखडले आणि बंद पडले.

त्यानंतर मामूंनी जे केले, ते तुम्ही कधीही करू नका. खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडले, हातावर फडके घेतले आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. झाकण जोरात उडाले आणि उकळते पाणी कारंज्यासारखे वर आले. मामूंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

असे का झाले? विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात की दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नसते. ते आतला दाब वाढवून ठेवते, त्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही. चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलोचे झाकण असेल, तर ते ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो आणि ते सर्व पाणी एका क्षणात उकळू लागते. शिट्टी होत असलेला कुकर कोणी उघडतो का? मग तापलेले रेडिएटरही उघडायचे नाही. इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडे ठेवायचे आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबायचे. घाई झाली म्हणून तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही चुकीचे आहे. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

एका भल्या ट्रकवाल्याने स्वतःजवळचे पिण्याचे पाणी मामूंच्या हातावर ओतले, हे बरे झाले. दुसरे कोणी टूथपेस्ट लावायला सांगत होते. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, तेल, हळद काही लावू नये. साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे आणि डॉक्टरांकडे जावे.

गाडी ओढून इगतपुरीजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. तेथले उस्ताद वयस्कर होते. त्यांनी इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, मग ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि आम्हांला त्याची आतली बाजू दाखवली. तेथे दुधाच्या सायीसारखा पांढरट चिकट थर होता. "भाई, ऑइलमध्ये पाणी गेले," ते म्हणाले, "हेड गॅस्केट उडाले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेड उतरवले. मी जवळ उभा राहून पाहत होतो. गॅस्केटवर दोन सिलिंडरांच्या मधली अरुंद पट्टी जळून काळी पडली होती. पाण्याच्या एका भोकाजवळही तो पत्रा कुरतडल्यासारखा झाला होता. मग उस्तादांनी एक सरळ धारेची पोलादी पट्टी हेडच्या तळावर उभी धरली आणि मला पलीकडून बॅटरी दाखवायला सांगितले. पट्टीच्या दोन्ही टोकांना प्रकाश दिसत नव्हता. मध्ये मात्र प्रकाशाची बारीक रेघ दिसत होती. हेड वाकले होते.

हे वाकणे समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळ गाड्यांत ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.) उष्णतेने सर्व धातू प्रसरण पावतात, पण सारखे नाही. ॲल्युमिनियम हे बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. ४० सेंटिमीटर लांबीचे इंजिन ३० अंशांवरून ९० अंशांवर आले, तर ब्लॉक सुमारे पाव मिलिमीटर वाढेल आणि हेड अर्धा मिलिमीटर. म्हणजे रोज गाडी सुरू करताना आणि बंद करताना हेड गॅस्केटवर किंचित सरकते. एवढे सहन करण्यासाठीच गॅस्केट बनवलेले असते. पण पाणी संपले आणि तापमान भलतेच वाढले, तर हेड फुगू पाहते. बोल्ट त्याला फुगू देत नाहीत, म्हणून ते वाकते. वाकलेले हेड गॅस्केटला सगळीकडे सारखे दाबत नाही. जेथे दाब कमी, तेथून जळता वायू वाट काढतो आणि एकदा वाट मिळाली की ती जाळत जाळत मोठी करतो.

गॅस्केट कोठे फुटले, यावर त्याची लक्षणे ठरतात. दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटले, तर एकाचा दाब दुसऱ्यात जातो. इंजिन थरथरते, ओढ कमी होते, पण पाणी आणि ऑइल शाबूत राहतात. अशा वेळी अनुभवी माणूससुद्धा फसतो आणि प्लग बदलत बसतो. सिलिंडर आणि पाण्याचा मार्ग यांच्यामध्ये फुटले, तर वायू पाण्यात शिरतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. थोडे पाणीही सिलिंडरमध्ये जाऊन जळते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो. थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडीतून थोडी पांढरी वाफ निघते, तिला घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही ती थांबत नसेल आणि बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर मात्र शंका घ्या. पाणी आणि ऑइल यांच्यामध्ये फुटले, तर ती साय दिसते. फक्त झाकणाखाली थोडा पांढरट ओलावा असेल, तर तो जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही येतो. म्हणून ऑइल मोजण्याची काडीही काढून पाहावी. पाणी मिसळलेले ऑइल वंगणाचे काम करीत नाही. तसेच इंजिन चालवले तर आतले बेअरिंग झिजून जातात.

शंकेची खात्री करण्याची एक सुंदर पद्धत आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे तसे होते. मेकॅनिक असाच प्रयोग रेडिएटरवर करतात. एका नळीत निळा द्रव घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर बसवतात आणि पाण्यावरची हवा त्यातून ओढतात. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल, तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे निळा द्रव पिवळा होतो. हेड न उतरवताच निदान होते.

आमच्या गाडीचे निदान तर उघड्यावरच पडले होते. उस्तादांनी हेड नाशिकला लेथवाल्याकडे पाठवून त्याचा तळ घासून सपाट करून आणला. याला हेड फेसिंग म्हणतात. ते न करता नुसते नवे गॅस्केट टाकले असते, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच झाले असते. पैसे वाचवायचे म्हणून पुष्कळ लोक येथेच चूक करतात.

मग दोन्ही तळांवरचे जुने अवशेष काढण्याचे काम आले. त्या काळी बऱ्याच गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेले असे. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली तर कर्करोग होऊ शकतो. आमचे उस्ताद ती फुंकर मारून उडवीत होते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तुमच्यापैकी कोणी दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणार असेल, तर त्याने हे लक्षात ठेवावे. जुन्या गाडीचे गॅस्केट कोरडे घासू नये आणि फुंकर तर मुळीच मारू नये. आताच्या बहुतेक नव्या इंजिनांत पोलादाच्या पातळ पत्र्यांचे थर असलेले गॅस्केट असते. ते जास्त टिकते, मात्र त्याला तळ अगदी गुळगुळीत लागतो.

बाकी बाबतीत उस्तादांचा हात फार नीटस होता. बोल्टांच्या भोकांतले पाणी त्यांनी चिंधीने टिपून घेतले. तेथे पाणी राहिले, तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नवे गॅस्केट कोणत्या बाजूने वर ठेवायचे, ते त्यांनी खूण पाहून ठरवले. उलटे बसले तर पाण्याची आणि ऑइलची भोके बंद होऊ शकतात. एकदा दाबले गेलेले गॅस्केट मात्र पुन्हा वापरायचे नसते. मग त्यांनी बोल्ट आवळायला घेतले. एका कडेपासून सुरुवात न करता ते मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे गेले. मला प्रश्न पडला, तर ते म्हणाले, "घरी दस्तरखान अंथरताना हात कसा फिरवतोस?" आपण मधून कडेकडे हात फिरवतो, म्हणून सुरकुती राहत नाही. तेच येथेही. शिवाय एका दमात पूर्ण न आवळता त्यांनी तीन फेऱ्यांत आवळले आणि शेवटच्या फेरीला टॉर्क रेंच घेतला. जोर किती लागला, हे तो पाना दाखवतो. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असतो आणि तो कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. काही नव्या इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून दर वेळी नवेच घालावे लागतात.

शेवटी त्यांनी ऑइल बदलले, फुटका पाइप बदलला आणि पाणी भरून इंजिन सुरू केले. बराच वेळ ते रेडिएटरच्या तोंडाकडे पाहत राहिले. बुडबुडे आले नाहीत. आम्ही तिसऱ्या दिवशी मालेगावला पोहोचलो. निकाह आणि वलीमा दोन्ही होऊन गेले होते. मामूंची महिन्याची कमाई गेली, आणि खालाजान पुढे वर्षभर आमच्याशी नीट बोलल्या नाहीत. एका रबरी पाइपपायी!

तुमच्या घरी गाडी असेल किंवा तुमचे अब्बा टॅक्सी अथवा टेम्पो चालवत असतील, तर आठवड्यातून एकदा सकाळी इंजिन थंड असताना त्यांच्याबरोबर पाहणी करा. प्लास्टिकच्या टाकीवर कमी आणि जास्त अशा दोन रेघा असतात. पाणी त्यांच्या मध्ये हवे. ते वारंवार कमी होत असेल तर नुसते ओतत राहू नका, कोठे जाते ते शोधा. बोअरिंगचे जड पाणी घालू नये. त्यातील क्षार आत साचतात, जसे पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरे थर बसतात. कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे. ते पाण्याला उशिरा उकळू देते आणि गंजही चढू देत नाही. कूलंटची चव गोड असते, पण ते विष आहे. त्याची बाटली लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका आणि सांडलेले लगेच पुसून घ्या, नाहीतर मांजरे चाटतात. रेडिएटरच्या जाळीत साचलेली माती आणि किडे धुऊन काढावेत. पंखा फिरतो की नाही, ते पाहावे. आणि काटा लाल खुणेकडे गेला की गाडी तेथेच सुरक्षित जागी थांबवावी. पुढच्या वळणापर्यंत, पुढच्या पंपापर्यंत, असे म्हणत गाडी पुढे नेऊ नये.

मामू आता पासष्टीला आले आहेत आणि गाडी अजून स्वतः चालवतात. हातावरचा डाग फिकट झाला आहे. बॉनेट उघडले की झाकणाला हात लावण्याआधी ते वरच्या रबरी पाइपजवळ पालथा हात नेऊन पाहतात. ऊब लागली, तर बॉनेट तसेच उघडे ठेवतात आणि चहा प्यायला निघून जातात.